त्या माणसाला कळवलं असंल न्हवं?

अण्णा, तुमच्यावर लिहायला बसलोय, त्याबद्दल आधी माफी मागतो. हा मान माझा नाही. तुमच्या शेजारी उभं राहून वर्षानुवर्षं माग चालवलेली माणसं वडगावात आहेत. त्यांच्यापाशी तुमच्या आठवणी माझ्याहून जास्त आहेत. मी निपाणीहून आलेला, कॉलेजसाठी तीन वर्षं तुमच्या माळ्यावर राहिलेला भाचा. पण मामी म्हणाली, "घरात लिहिता-वाचता येणारा तूच हाईस. वाचनालयाच्या फळ्यावर लावायला चार ओळी लिही." घरात वाचता येणारा तूच, हे तिनं सहज म्हटलं आणि मला पुढचं काही ऐकू आलं नाही. कारण तुमच्या बाबतीत मी नीट वाचलं नव्हतं. हे मामीला मी सांगितलं आहे. आता तुम्हाला सांगतो. जिवंतपणी सांगायला हवं होतं.

नात्यानं तुम्ही आईचे मावसभाऊ, म्हणजे माझे मामाच. पण गल्ली तुम्हाला अण्णा म्हणायची, मीही तेच म्हणू लागलो. आई निपाणीत विड्या वळते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. पहिल्या दिवशी तुम्ही मला सायकलवरून सोडायला आलात आणि फाटकातच थांबलात. आत या म्हटलं तर म्हणालात, "आत तुझं काम. माझं हितवरच."

तुमच्याशी बोलायचं तर लाइट जायला लागायची. पुढच्या खोलीत दोन यंत्रमाग सुरू असले की शेजारी उभ्या माणसाचंही ऐकू यायचं नाही. लाइट गेली की मागाचे धोटे थांबायचे, कान बधिर झाल्यासारखे वाटायचे, आणि मग तुम्ही खुर्चीवर बसून पाय वर घ्यायचात आणि हाक मारायचात, "काय मास्तर, आज काय शिकवलं?" मी काही मास्तर नव्हतो. पण तुम्ही म्हणायचात.

असाच पाय वर घेतला होता तेव्हा तो डाग मी पहिल्यांदा पाहिला. उजव्या तळपायाच्या बाहेरच्या कडेला, चिंचोक्याएवढा, काळा. कडा वाकड्यातिकड्या. मामीनं रंगाचा डाग समजून वजरीनं घासून घासून तिथलं कातडं सोलवटलं होतं. तुम्ही हसलात. "रंग न्हाय, तीळ हाय. तळपायाला तीळ असला की माणूस लई हिंडतो म्हणं. मी बग, गुंजीच्या जत्रेफुडं गेलो न्हाय."

"मग तीळ खोटा हाय," मामी आतून म्हणाली.

"खोटा न्हाय. लेट हाय."

आम्ही तिघंही हसलो. मी प्राणिशास्त्र शिकत होतो, अण्णा, आणि मीही हसलो. त्या तिळातून पाणी सुटू लागलं, मोज्याला चिकटू लागला, तेव्हा तुम्ही दवाखान्यात गेलात. त्वचेचा कर्करोग निघाला. आपल्याकडच्या माणसांत तो असा तळपायालाही होतो, नखाखालीही होतो, आणि जिथं कुणी बघत नाही तिथं वाढतो, असं डॉक्टरांनी सांगितलं. तुम्ही विचारलं, "पाय ठेवणार का काढणार?" त्यांनी डाग भोवतीच्या मांसासकट कापला, मांडीचं कातडं तिथं लावलं, जांघेतली गाठ काढून तपासली. गाठ स्वच्छ होती. दर तीन महिन्यांनी तपासायला यायला सांगितलं. तुम्ही घरी आलात, कुबडी टेकून मागापाशी उभे राहिलात. मामीनं नारळ फोडला.

आता त्या कागदाचं.

माझ्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी मी शहरातल्या एका प्रयोगशाळेत नुकताच जाऊ लागलो होतो. तिथं नेमका हाच अभ्यास सुरू होता. त्वचेचा कर्करोग कापून काढल्यावरही त्याच्या काही पेशी रक्तात शिरून फिरत असतात का, आणि असतील तर त्या शोधता येतात का. तुमच्या डॉक्टरांनी तुमचं नाव तिकडं सुचवलं. मी केवढा खूष झालो होतो. मला वाटलं, आता माझं शिक्षण तुमच्या उपयोगी येणार.

संमतीचा कागद दोन भाषांत होता, कन्नड आणि इंग्रजी. मराठीत नव्हता. तुम्ही बाजारात कन्नड फाडफाड बोलायचात, पण शाळा मराठी, त्यामुळं वाचता येत नव्हतं. सिस्टर म्हणाल्या, मी कन्नडमध्ये समजावून सांगते. तुम्ही हात वर केलात. "नको बाई. आमचा पोरगा हाय की शिकलेला. इंग्लिश वाचतोय." बाकावरची चार माणसं माझ्याकडं बघायला लागली. मी ताठ बसलो आणि मोठ्यानं एकेक ओळ वाचून तिचा अर्थ सांगू लागलो.

चौथ्या की पाचव्या ओळीत 'रिटर्न' हा शब्द होता. रिझल्ट रिटर्न केले जाणार नाहीत, असं काहीसं. रिटर्न म्हणजे परत करणे, हे मला पाचवीपासून पाठ होतं. मी जरा अडखळलो. सिस्टरना विचारावं असं मनात आलंही. पण बाकावरची माणसं बघत होती. मी म्हणालो, "अण्णा, रिझल्ट आला की तो आपल्यापाशीच राहणार. परत द्यावा लागणार नाही."

"म्हंजे ते कळवणार."

"व्हय, कळवणार."

तुम्ही सही केलीत. मराठीत, पूर्ण नाव, खाली रेघ ओढून.

त्या ओळीचा खरा अर्थ होता, कुणाचा रिझल्ट काय आला ते त्याला सांगितलं जाणार नाही. ही तपासणी अजून पक्की झालेली नाही, तिच्यावरून उपचार ठरवता येत नाहीत, म्हणून सांगत नाहीत. कन्नड कागदावर ते अगदी सरळ लिहिलं होतं. मी नंतर अक्षर अक्षर लावून वाचलं. सिस्टरनी वाचला असता तर तुम्हाला एका वाक्यात कळलं असतं.

रक्त घेताना तुम्ही पोरासारखे बघत होता. पहिल्या नळीत थोडं घेऊन ती त्यांनी बाजूला टाकली तेव्हा तुम्ही चिडलात, "ते काय वाया घालवलं रं?" मी सांगितलं, सुई कातड्यातून आत जाते, तिथलीच एखादी पेशी पहिल्या रक्ताबरोबर आली तर फसगत होईल, म्हणून दुसरी नळी खरी. तुम्हाला ते पटलं. "सुतावरची पयली वीतभर आमी बी टाकतो."

घरी आल्यावर लाइट गेलेली होती, म्हणून तुम्ही सगळं विचारून घेतलंत. रक्तात कोट्यवधी पेशी, त्यात एखाद-दुसरी परकी, ती कशी घावणार? मी सांगितलं, लाल पेशी काढून टाकतात. उरलेल्यांवर चमकणारे रंग चढवतात. अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. सगळ्यांच्या पोटात निळा ठिपका दिसतो. जिला लाल कडा ती आपली पांढरी पेशी, सोडून द्यायची. जिला लाल नाही आणि हिरवी कडा आहे, ती त्या रोगाची.

तुम्ही खुर्चीतून उठलात. मग मागापाशी गेलात आणि बंद ताण्यावरून तळहात फिरवलात. "हजारात एक धागा तुटला तर मला असा हाताला घावतो. तू डोळ्यानं बगणार. काम एकच की."

"त्या पेशींना काय म्हणतात?" मामीनं विचारलं. मला मराठी शब्द माहीत नव्हता. मी म्हणालो, हिंडणाऱ्या पेशी.

तुम्ही पायाकडं बघितलंत. पट्टी अजून होती. "तीळ कापला, पर हिंडणारं आत राह्यलं असंल तर?" हे तुम्ही गमतीत म्हणालात. मामी मात्र उठून आत गेली.

प्रयोगशाळेत काचपट्ट्यांवर नाव नसायचं, फक्त नंबर. कोणाचं रक्त आहे ते मोजणाऱ्याला कळू नये, नाहीतर डोळे हवं तेच बघतात, असं आमच्या मॅडम म्हणायच्या. माझ्या ओळखीचा एक माणूस यात आहे, हे मी त्यांना आधीच सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, पट्ट्या साठवून, नंबर मिसळून देतो, तुला कधीच कळणार नाही. मी दोन महिने मोजत होतो. निळं, लाल. निळं, लाल. बाहेर ऊन असायचं आणि आम्ही काळा पडदा ओढून बसलेले.

आणि एका दुपारी सत्तेचाळीस नंबरच्या पट्टीवर हिरवं कडं दिसलं. मी श्वास रोखून बघत राहिलो. लाल नव्हतंच. मॅडमना बोलावलं, त्यांनी डोळा लावला, पुन्हा लावला, आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "पहिली तुला सापडली." त्याच पट्टीवर मग आणखी तीन निघाल्या. अण्णा, मला इतका आनंद झाला होता की वहीत त्या नंबरपुढं मी चांदणी काढली. येताना खव्याचा कुंदा घेतला.

तुम्हाला आठवतंय का ती संध्याकाळ? लाइट नव्हती. तुम्ही पायाचा व्यायाम करत होता. मी कागद उघडून कुंदा पुढं केला आणि सांगितलं, मला घावली. तुम्ही एक घास तोंडात टाकला, चावताना थांबलात.

"कुणाच्या रक्तात?"

"ते माहीत नाही. नंबर असतो."

"कुणाच्या तरी रक्तात वाईट घावलं, आणि आमी हितं कुंदा खातोय व्हय?"

मी म्हणालो, तसं नाही अण्णा, सापडली म्हणजे पद्धत चालते, पुढं लोकांचं भलं होईल. तुम्ही म्हणालात, फुडच्यांचं होईल, ह्याचं काय? मी म्हणालो, शास्त्र असंच चालतं. तुम्ही म्हणालात, चालत असंल, पर गोड खाऊन न्हाय. आमचं वाजलंच. तीन वर्षांत पहिल्यांदा मी तुमच्यासमोर आवाज चढवला. मामी दारात येऊन उभी राहिली, तेव्हा तुम्ही हळू आवाजात विचारलंत.

"बरं, त्या माणसाला कळवलं असंल न्हवं?"

मला त्या वेळेपर्यंत कळून चुकलं होतं, अण्णा. मोजायला बसल्यावर आठवड्याभरातच मॅडमनी नियम सांगितले होते. रिटर्न शब्दाचा अर्थ त्या दिवशी मला कळला आणि कान तापले. तुम्हाला जाऊन सांगायचं, असं मी रोज ठरवत होतो. त्या संध्याकाळी तुम्हीच दार उघडून दिलंत. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, नाही, कळवत नाहीत, मी चुकीचं वाचलं.

मी म्हणालो, "व्हय. कळवलंय."

तुम्ही मान हलवलीत आणि हातातला उरलेला कुंदा खाल्लात.

त्यानंतर तीन महिन्यांची तपासणी आली. तुम्ही गेला नाहीत. मी म्हणालो, चला. तुम्ही म्हणालात, "काय असतं तर कळवलं असतं. काय कळवलं न्हाय म्हंजे काय न्हाय." गल्लीत तुम्ही हे सगळ्यांना सांगत होता, आमचा पोरगा तिथंच हाय, तिथली माणसं नियमाची, घावलं की लगेच कळवतात. मी माळ्यावर अभ्यासाला बसायचो आणि खाली तुमचं ते बोलणं ऐकू यायचं. मग लाइट यायची आणि माग सुरू व्हायचे.

मी मधला रस्ता काढत होतो. दवाखान्यात चला, स्कॅन करून घेऊ, एवढंच म्हणत होतो. का, ते सांगत नव्हतो. तुम्हाला माझा हट्ट कळत नव्हता. "तुझ्या लोकांवर माझा इश्वास हाय. तुझाच न्हाय व्हय?" असं तुम्ही एकदा म्हणालात. मी पुस्तक घेऊन माळ्यावर गेलो.

शेवटी ठरवलं, घराबाहेर सांगू. तुम्हाला विमान जवळून बघायचं होतं, म्हणून रविवारी आपण दोघं बसनं सांबऱ्याला गेलो. विमानतळाच्या कुंपणापासून लांब, शेताच्या बांधावर बसलो. विमान यायला उशीर होता. तुम्ही बरं नसलेला पाय लांब करून बसला होता. बोलता बोलता खोकत होता. मी विचारलं, खोकला कधीपासून? "धा-बारा दिस. सुताची धूळ." तुम्ही रुमाल तोंडाला लावला आणि घडी घालून खिशात ठेवला. त्या रुमालावर काय होतं ते मी पाहिलं नाही. पाहायला हवं होतं.

मी म्हणालो, "अण्णा, एक सांगायचं होतं. त्या कागदाचं."

तेवढ्यात विमान आलं. आपल्या डोक्यावरून इतक्या खालून गेलं की बांधावरचं गवत झोपलं. तुम्ही मान वळवून ते उतरेपर्यंत बघत राहिलात. मग माझ्याकडं वळून म्हणालात, "बग, तिळानं हितवर तरी आणलं." तुमच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मी विमान कुठून आलं ते सांगत बसलो. कुठल्या कागदाचं, हे तुम्हीही विचारलं नाहीत. बसमध्ये तुम्ही माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपलात. तुमचा श्वास आतून शीळ घातल्यासारखा वाजत होता.

पुढच्याच आठवड्यात तुम्हाला दवाखान्यात न्यावं लागलं. फुप्फुसात होतं, यकृतात होतं. डॉक्टर म्हणाले, हा रोग असा झपाट्यानं पसरू शकतो. आधी यायला हवं होतं, असंही म्हणाले.  मामी माझ्याकडं बघत नव्हती, पण मला वाटत होतं की बघतेय.

तिथं कॉटवर तुम्ही माझं मनगट धरलंत. बोलताना धाप लागत होती. "मास्तर, त्या माणसाचं काय झालं रं?"

"कुठल्या?"

"कुंदा खाल्ला न्हवं आपण. त्याचं."

मी दुसऱ्यांदा खोटं बोललो. "बरा आहे, अण्णा. उपचार चालू आहेत."

"बरं झालं," तुम्ही म्हणालात. "लई वाटलं हुतं मला त्या दिशी." आणि डोळे मिटलेत. तुम्ही माझ्याशी बोललेलं ते शेवटचं.

मला तुमचे आभार मानायचे आहेत, पण ते कुठून सुरू करू? माझ्या परीक्षेच्या दिवसांत तुम्ही सकाळचे दोन तास माग बंद ठेवायचात. शेजारचे चालूच असायचे, काही फरक पडायचा नाही, तरी ठेवायचात. माझ्या आईला तुम्ही फोन करून सांगायचात, पोरगा अंधारात बसून रक्तातलं चोर पकडतोय. ती निपाणीत विड्या वळणाऱ्या बायकांना ते सांगायची. काम करताना तुमचा तो प्रश्न आता मला सोडत नाही, ह्याचं काय? प्रयोगशाळेत तो कुणीच विचारत नव्हतं. मीही नाही.

तेराव्यानंतर मी मामीला सगळं सांगितलं. कागद, रिटर्न, कुंदा, सांबरा. ती गव्हातले खडे निवडत होती. निवडतच राहिली. मला वाटलं, आता घरातून जा म्हणेल. सूप बाजूला सारून म्हणाली, "त्यास्नी कळवायचं राह्यलं. मला तर कळू दे. त्यांच्या रक्तात काय घावलं ते इचार तिथं."

मी मामीच्या नावानं अर्ज लिहिला. या वेळी तीन भाषांत लिहिला, आणि कन्नड अर्ज सिस्टरना दाखवून दुरुस्त करून घेतला. मॅडमनी तो वर पाठवला. परवानगी मिळायला बरेच दिवस गेले. मॅडम मला एकदा म्हणाल्या, रिझल्ट काहीही असो, त्यावरून वेळेत कळलं असतं तर वाचले असते, असं म्हणता येणार नाही. तेवढं अजून कुणालाच माहीत नाही. मी मान हलवली. पण तपासणीला तुम्ही का गेला नाहीत, हे मला माहीत होतं. त्यांना माहीत नव्हतं.

आज दुपारी त्यांचा फोन आला. मी पुढच्या खोलीत हे लिहीत बसलो होतो. माग बंद आहेत, तुम्ही गेल्यापासून कुणी चालवलेले नाहीत, अर्धी साडी तशीच ताण्यावर आहे. लाइट होती तरी सगळं स्पष्ट ऐकू येत होतं. मामी दारात येऊन उभी राहिली. मॅडमनी विचारलं, वही जवळ आहे का. मी म्हणालो, आहे. त्या म्हणाल्या, तुझ्या मामांचा नंबर सांगते.

वही उघडण्याआधी मला तो माहीत होता. तरी मी पान काढलं. चांदणी होती, आणि तिच्याशेजारी कुंद्याच्या तुपाचा डाग.

सत्तेचाळीस.